कुरणवाडी नाक्याचा दुसरा सर्व्हर

खुटवडसाहेबांनी आधी चष्मा काढला. मग कवळी काढून रुमालात गुंडाळली. दोन्ही वस्तू टेबलाच्या खणात ठेवून खणाला कुलूप लावलं, किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली आणि दाराकडे तोंड करून म्हणाले, "या."

ते आले. आठ-दहा जण होते. केबिनचं दार अरुंद असल्यामुळे आत शिरताना त्यांची जरा चेंगराचेंगरी झाली, एकाचा पाय दुसऱ्याच्या चपलेवर पडला, त्यावरून आपसात एक शिवी झाली आणि मग कामाला सुरुवात झाली. पहिल्यानं खोऱ्याचा दांडा टेबलावरच्या काचेवर आपटला. दुसऱ्यानं साहेबांना कॉलरला धरून खुर्चीतून उपसलं आणि भिंतीवरच्या वाहनप्रकारांच्या तक्त्यावर फेकलं. हलकी वाहनं, मध्यम वाहनं आणि बहुअक्षीय वाहनं या क्रमानं घसरत साहेब खाली बसले. मग लाथा. मी कपाटाच्या आडोशाला नेटवर्कची केबल हातात धरून उभा होतो. ती केबल तीन मिनिटांपूर्वी मीच उपटली होती.

"खुटवड, लोकं उन्हात उभी हायती! बायाबापड्या! आन् तू हितं पंख्याखाली?" बंडाभाऊ ढमाले दारातूनच ओरडत होते. स्वतः मारायचं नाही, असा त्यांचा नियम होता. नेतृत्व वेगळं आणि अंमलबजावणी वेगळी.

तेवढ्यात बाहेर लेनचे दांडे एकेक करून वर गेले, हॉर्न थांबले, गाड्या हलल्या. बंडाभाऊंनी मान वळवून पाहिलं, "चला रे," म्हणाले आणि सगळे समोरच्या हॉटेल जगदंबमध्ये अर्धवट राहिलेला चहा प्यायला निघून गेले.

साहेबांनी बसल्या जागी किल्ली काढली, खण उघडला, चष्मा लावला. कवळी लावली नाही, कारण हिरडीतून रक्त येत होतं.

"किती लागला?" त्यांनी विचारलं.

"कुणाला?"

"टाइम हो. पहिल्यावरनं दुसऱ्यावर जायला."

"चार मिनिटं. थोडी वरच."

"मग कमीच म्हणायचा. तुमच्या आधीच्या इंजिनिअरला पाच लागली होती. तेव्हा बरगडी गेली."

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. टोलनाक्यांवर तेव्हा रोख पैसे आणि कागदी पावती चालायची. मी पुण्यातल्या एका कंपनीत नेटवर्कचा माणूस होतो. आमच्या कंपनीनं कुरणवाडीच्या नाक्याला दोन सर्व्हर विकले होते. एक काम करणार, दुसरा तयारीत बसणार. पहिला पडला की दहा सेकंदांत दुसऱ्यानं त्याचा पत्ता आणि त्याचं काम दोन्ही उचलायचं. माहितीपत्रकात "अखंड सेवा" असं लिहून खाली हसऱ्या मुलीचा फोटो होता. ती मुलगी कुरणवाडीला कधी आली नव्हती.

कुरणवाडीला पहिला सर्व्हर दर दोन-तीन दिवसांनी पडायचा. शेजारी खडी फोडणारा क्रशर होता, त्याची धूळ. आणि सर्व्हरच्या खोलीतला एसी काढून व्हीआयपी कक्षात लावलेला. पण पडण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती दुसरा उभा राहायला लागणाऱ्या वेळाची. तेवढा वेळ पावती निघत नसे आणि पावती निघाल्याशिवाय दांडा वर जात नसे. दांडा हातानं उचलायची सोय होती, पण कर्मचारी हातानं दांडे उचलून पैसे खिशात घालतात म्हणून ठेकेदारानं त्यासाठीच्या कड्या वेल्डिंग करून टाकल्या होत्या. म्हणजे चार मिनिटं सहाच्या सहा लेन बंद. गाड्या साचल्या की हॉर्न, हॉर्न ऐकून हॉटेल जगदंबमधून बंडाभाऊ, आणि बंडाभाऊ आले की खुटवड.

"बिघाड शोधायचा तर पहिला सर्व्हर मुद्दाम पाडून बघावा लागतो," मी साहेबांना सांगितलं. "चालू गाड्यांवरच. रिकाम्या नाक्यावर काही कळत नाही."

"पाडा की." ते रुमाल ओला करून ओठाला लावत होते. "मला फक्त आधी सांगत जा. कवळीला पुन्हा पैसे पडतात."

केबिनच्या कोपऱ्यात दुसरं टेबल होतं. तिथं रणपिसे नावाचा तिशीतला गडी बसायचा. गोरा, नीटनेटका, केसांना तेल. मार चालू असताना तो टेबलावरची कागदपत्रं छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. मार संपला की कागदपत्रं परत मांडायचा आणि साहेबांना पाणी द्यायचा. मला वाटलं, क्लार्क असावा.

पहिल्या चाचणीतून एक गोष्ट कळली. दुसऱ्या सर्व्हरला झोप लागते, हा आमच्या डायरेक्टरांचा अंदाज साफ चुकीचा होता. पहिला पडल्याचं त्याला सहा सेकंदांत समजत होतं. सातव्या सेकंदाला तो पहिल्याचा पत्ता स्वतःच्या नावावर घेऊन, दुकान उघडून, गल्ल्यावर बसलेला असे. फक्त गिऱ्हाईक येत नसे. सहाही लेन पहिल्याच्या बंद दारावर धडका मारत उभ्या.

"म्हणजे त्याचा दोष नाही?" रणपिसेनं विचारलं. त्याला या विषयात भलताच रस होता.

"नाही. तो तयार आहे. तो तयार आहे हे इतरांना कळत नाहीये."

"मग त्यानं सांगायला नको?"

"सांगायचं असतं. पत्ता घेतला की लगेच मोठ्यानं ओरडायचं, की बाबांनो, आजपासून हे घर माझं, इकडे या. तो ओरडतो की नाही, ते आता बघायचंय."

"आणि ओरडायची भीती वाटत असेल तर?"

"मशीन आहे हो ते, रणपिसे."

"हां, तेही खरंच," असं म्हणून तो पुन्हा कागदांना लागला.

दुसरी चाचणी शनिवारी दुपारी केली. सर्व्हर आणि लेन यांच्या मध्ये एक स्विच असतो, सगळी बोलणी त्याच्यातून जातात. त्याच्या दोन्ही बाजूंना मी एकेक लॅपटॉप लावून ठेवला. साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा, कवळी, कुलूप, किल्ली हे सगळं उरकलं आणि मान हलवली. मी केबल उपटली.

त्या दिवशी बंडाभाऊंच्या पोरांनी दांडे आणले नव्हते. म्हणून त्यांनी केबिनमधलंच लाकडी स्टूल वापरलं. पहिला घाव साहेबांनी हातावर घेतला. करंगळी उलटी वळून मनगटाकडे बघायला लागली. दुसऱ्या घावाला स्टुलाचा पाय निघाला. मग तो पाय घेऊन एकानं त्यांच्या पाठीवर, धोपटण्यानं कपडे बडवावेत तसं, एका लयीत बडवलं. साहेबांच्या तोंडून दर घावाला "हं" असा हुंकार निघायचा, समोरचा काही सांगतोय आणि आपण ऐकतोय, असा. मला दोन्ही लॅपटॉपवर नजर ठेवायची होती. मी ती ठेवली.

दांडे वर गेले. पोरं गेली. रणपिसेनं साहेबांची करंगळी पट्टीला बांधली. मी म्हणालो, "सापडलं."

दुसरा सर्व्हर ओरडत होता. एकदा नाही, तीनदा. स्विचच्या अलीकडे त्या हाका स्वच्छ दिसत होत्या. पलीकडे एकही नव्हती. स्विच त्या गिळत होता. जुना पत्ता चार मिनिटं उराशी धरून बसायचा, मग कंटाळून आपणच विचारायचा, "अरे, आहे का कुणी?" त्यावर दुसरा म्हणायचा, "मी आहे." तेव्हा कुठं काम सुरू. न विचारता कुणी आपलं नाव सांगितलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं त्या स्विचला कुणीतरी शिकवून ठेवलं होतं.

"कुणी शिकवलं असलं?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेब हसले, मग ओठ दुखला म्हणून थांबले. "ते आपल्या वाघमोडेमुळं. लेन चारवर होता. हुशार पोरगं. घरनं लॅपटॉप आणला, इथं जोडला आणि सांगितलं, मीच सर्व्हर. सगळ्या लेन त्याच्याकडं पावत्या मागायला लागल्या. त्यानं दिल्या. पैसेही घेतले. आठवडाभर नाका त्याचा होता."

"आणि तुम्हाला कळलं कसं?"

"त्याच्या काळात सर्व्हर एकदाही पडला नाही. ठेकेदाराला संशय आला."

वाघमोडेला काढलं आणि स्विचला ताकीद दिली. ताकीद देणाऱ्याच्या हे ध्यानात आलं नाही, की चोर जे ओरडतो तेच वारसही ओरडतो. उपाय सोपा होता. स्विचला सांगायचं, की बाबा, या एका तारेवरून येणारी हाक खरी मान. बाकीच्यांचं ऐकू नको. सगळं मिळून चार ओळींचं काम.

त्या आनंदात मी साहेबांना चहा पाजला आणि विचारू नये ते विचारलं. "साहेब, एवढा मार खाता. नोकरी सोडत का नाही?"

"सोडली की."

"कधी?"

"रिटायर होऊन दोन महिने झाले मला."

मी कप खाली ठेवला. रणपिसे भिंतीकडे वळला. मार चालू नसतानाही.

"मग इथं काय करता?"

"मार खातो," साहेब म्हणाले. थट्टा नव्हती. "काय झालं, रिटायर झालो त्या रविवारी सर्व्हर पडला. बंडाभाऊ आले, मी खुर्चीत नाही. मग ते माझ्या घरी आले. घर जवळच आहे, वेशीजवळ. मंडळी अंगावरनं वारं गेल्यापासून पलंगावरच असतात. एक धोंडा खिडकीतनं त्यांच्या उशीवर पडला. वीतभर अंतर. त्यांना ओरडता येत नाही, डोळे फक्त मोठे केले. दुसऱ्या दिवसापासून मी परत यायला लागलो. घरी शोधत येण्यापेक्षा इथं सापडलेलं बरं."

"पण मग आता मॅनेजर कोण?"

दारावर पाटी होती, डी. बी. खुटवड, व्यवस्थापक. मी रणपिसेकडे पाहिलं. त्यानं सावकाश पँटच्या खिशात हात घातला आणि एक बिल्ला बाहेर काढला. नवाकोरा, पिन अजून कागदात अडकवलेली. त्यावर त्याचं नाव होतं आणि नावाखाली तोच शब्द.

"पंचवीस तारखेला माझं लग्न आहे, कर्णिकसाहेब," तो म्हणाला. "असलं तोंड घेऊन बोहल्यावर उभा राहू?"

"मीच म्हटलं त्याला," साहेब घाईनं म्हणाले. "लग्न होऊ दे, मग लाव. माझं काय, दात तरी कुठं माझे आहेत!"

माझं काम स्विचपुरतं होतं.

रविवारी सकाळी गाड्यांची गर्दी सुरू झाल्यावर शेवटची चाचणी ठेवली. साहेबांनी कवळी काढून खणात ठेवली. मी केबल उपटली. लेन चारवरच्या कल्पनाताई भोईटे एका टेम्पोवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होत्या; त्यांचा वाद संपायच्या आत पहिला मेला, दुसऱ्यानं हाक मारली, स्विचनं ऐकली आणि टेम्पोवाल्याची पावती बाहेर आली. कुणाला काही कळलंच नाही. एकही हॉर्न वाजला नाही. मी आणखी दोनदा पाडून पाहिलं. तेच.

साहेब खिडकीशी उभे राहून सुरळीत वाहणाऱ्या गाड्या बघत होते. नाकावरून माशी उठावी तसे दांडे उठत होते. त्यांनी खणाचं कुलूप काढलं, कवळी धुतली, तोंडात बसवली आणि दाताखाली काही नसताना दोनदा चावून पाहिलं.

"चला," ते म्हणाले. "आज घरी जेवतो."

आणि बंडाभाऊ आले.

मला समजेना. रांग नव्हती, हॉर्न नव्हता. पण त्यांच्या मागे या वेळी पंधरा-वीस पोरं होती, प्रत्येकाच्या हातात नवा दांडा होता आणि सगळ्यांच्या मागे गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक वार्ताहर घामाघूम होऊन चालत होता.

"काय रं खुटवड," बंडाभाऊ खरोखर दुखावलेले दिसत होते. "सकाळधरनं वाट बघतोय. पेपरवाले बोलावलेत, आंदोलनाची वेळ दिलीय, आन् आज नेमक्या गाड्या थांबनात? मुद्दाम करतो का तू?"

"दुरुस्ती झाली, भाऊ," मी म्हणालो.

"तू गप. तू कोण?" मला एका पोरानं कपाटावर ढकललं. कपाळ कडीवर आपटलं, डोळ्यात रक्त उतरलं. त्यामुळे पुढचं सगळं मी एका डोळ्यानं पाहिलं.

साहेबांचा हात सवयीनं चष्म्याकडे गेला. पण कवळीला वेळ मिळाला नाही. त्यांना टेबलामागून ओढताना पहिला दांडा थेट तोंडावर बसला. कवळी आतल्या आत फुटली. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा रक्ताबरोबर गुलाबी तुकडे बाहेर पडले, आणि त्यातला एक नरड्यात अडकला असावा, कारण ते खोकायला लागले आणि खोकणं थांबेना.

"थांबा!" रणपिसे ओरडला.

त्यानं टेबलावर हात आपटला. "ते मॅनेजर नाहीत. रिटायर झालेत. मॅनेजर मी आहे."

कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. दुसरा दांडा पडला, साहेबांच्या खांद्यावर.

"मी मॅनेजर आहे! ऐकू येत नाही का? हा बिल्ला बघा!" त्यानं बिल्ला काढून शर्टावर टोचला. घाईत पिन छातीत घुसली.

"ए क्लार्क, म्हाताऱ्याला वाचवायला नाटक करतो व्हय?" बंडाभाऊ म्हणाले. "बस खाली. खुटवडलाच धरा रे."

तीनदा सांगितलं त्यानं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज फाटला होता आणि साहेब जमिनीवर निळे पडत चालले होते.

मग रणपिसेनं भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं उचललं. ते तिथं उद्घाटनापासून टांगलेलं होतं, कुणी कधी हात लावला नव्हता. त्यानं ते दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं, नेम धरून दोन पावलं पुढं टाकली आणि बंडाभाऊंच्या गुडघ्यावर आणलं.

ओलं लाकूड मोडतं तसा आवाज झाला. बंडाभाऊ आधी खाली पाहायला लागले, पाय नको तिकडे वळलेला होता. मग ओरडले. ओरडत असतानाच नळकांडं दुसऱ्यांदा आलं, गळ्याच्या हाडावर.

पोरांचे दांडे हवेतच राहिले. कॅमेरावालाही फोटो काढायचा विसरला.

"मॅनेजर कोण?" रणपिसेनं विचारलं. त्याच्या तेल लावलेल्या केसांतली एक बट कपाळावर आली होती, तेवढंच.

आता सगळ्यांचा विश्वास बसला. मॅनेजर असल्याशिवाय एवढी हिंमत कोण करणार? पंधरा-वीस दांडे एकदम वळले. साहेबांना सगळ्यांनी सोडलं, अगदी त्यांच्या अंगावरून उड्या मारून पलीकडे गेले. मी रांगत जाऊन साहेबांना पालथं केलं, पाठीत बुक्की घातली, घशातला तुकडा बाहेर पडला. मागं रणपिसेचा जबडा मोडल्याचा आवाज आला. मग हाताचा. तो खाली पडला तरी बिल्ला झाकत नव्हता, वर धरून होता. कल्पनाताईंनी पोलिसांना फोन केला नसता, तर लग्नाचा प्रश्न कायमचा सुटला असता.

संध्याकाळी तालुक्याच्या दवाखान्यात एकाच वॉर्डमध्ये दोन्ही पक्ष होते, मध्ये हिरवा पडदा. पडद्यापलीकडे पाय टांगलेले बंडाभाऊ भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "नाक्याच्या मॅनेजरनं मारलं. रणपिसे नाव हाय. रणपिसे. ध्यानात ठेवा." अलीकडे रणपिसे, जबडा तारांनी बांधलेला, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. त्याच्या उशाशी खुटवडसाहेब स्टुलावर बसले होते. बिनदातांच्या तोंडामुळे ते एकाएकी फार म्हातारे दिसत होते. कपाळाला चार टाके घालून मी त्यांच्याशेजारी.

"इंजिनिअरसाहेब," ते हळूच म्हणाले. "माझ्या घरचा पत्ता विसरतील का हो आता हे लोक?"

"विसरतील," मी म्हणालो. "जुना पत्ता निघायला जरा वेळ लागतो. पण निघतो."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात वॉर्डचं दार धाडकन उघडलं. दारात एक हवालदार उभा होता, बगलेत काठी.

"टोलनाक्याचा मॅनेजर कोण आहे इथं?"

साहेबांचा हात चष्म्याकडे गेला. काडी कानामागून निघालीसुद्धा.

खाटेवरून प्लास्टरचा हात सावकाश वर आला आणि वरच राहिला.

साहेबांनी त्या हाताकडे पाहिलं. मग काडी परत कानामागे सरकवली, नाकावर चष्मा नीट बसवला आणि स्टूल थोडं बाजूला घेतलं.